ताल: उतारावरची माती कुणाची?

(न्हावरे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, आजचा विषय आहे ताल. गाण्यातला नव्हे, शेतातला. उतारावर आडवी घातलेली दगडाची किंवा दगडमातीची भिंत, जिच्यामागे माती साठते आणि हळूहळू सपाट वावर तयार होतं, ती ताल. इथे बसलेल्या वयस्कर मंडळींना हे सांगायची गरज नाही, पण हे व्याख्यान नंतर नेटवर ऐकलं-वाचलं जातं, आणि शहरातल्या श्रोत्याला ‘रिटेनिंग वॉल’ म्हटलं की पटकन कळतं, ‘ताल’ म्हटलं की तो तबला शोधायला लागतो. वस्तू मात्र एकच आहे.

आता कुणी म्हणेल, न्हावऱ्यात कसला आलाय उतार? शिरूरहून चौफुल्याकडे गाडीने निघालात तर सगळं सपाटच दिसतं. पण उत्तरेला आणि पूर्वेला घोड आहे, दक्षिणेला भीमा आहे, आणि या दोन नद्यांच्या मधली जमीन दोन्हीकडे कलती आहे. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतं. शंभर फुटांत दोन फूट उतार असला तरी वळवाच्या पावसाला तो पुरतो. हिशेब करून बघा. एक एकरावर एक इंच पाऊस पडला की साधारण एक लाख लिटर पाणी झालं. आपल्याकडे वर्षाकाठी पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोही शिस्तीत पडत नाही. दोन तासांत दोन इंच पडून जातो आणि मग महिनाभर आभाळाकडे बघायचं. ते दोन लाख लिटर पाणी जाताना रिकाम्या हाताने जात नाही. वरची बारीक, कसदार माती घेऊन जातं आणि मागे मुरूम ठेवतं.

तर ताल हे त्याला दिलेलं उत्तर. आणि फार जुनं उत्तर. पेशवाईच्या आधीपासून आपल्याकडे पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला ‘कौल’ द्यायची आणि सारा चढत्या क्रमाने, म्हणजे ‘इस्ताव्या’ने घ्यायची पद्धत होती. पहिल्या वर्षी थोडा, मग दरवर्षी वाढत वाढत काही वर्षांनी पूर्ण. का? कारण त्या काळच्या कारभाऱ्यालाही माहीत होतं की माळ काय एका वर्षात वावर होत नाही. धोंडे वेचायचे, ते आडवे रचायचे, मग पाऊस माती आणून देणार, ती बसणार, मग भिंत अजून हातभर वर घ्यायची. पुन्हा पाऊस. दहा-पंधरा वर्षांचं काम आहे हे.

ही पायरीपायरीने वाढणारी भिंत नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. जुनी ताल चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बांधलेली नसते. सुका दगड. खाली मुरुमापर्यंत खोदून मोठे धोंडे बसवायचे, वर लहान, भिंत थोडी मातीच्या बाजूला कलती. पाठीमागे कपच्या आणि मुरूम भरायचा. एका बाजूला, किंवा पाण्याची वाट असेल तिथे, सांडवा: घट्ट बसवलेल्या सपाट दगडांचा, भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली. पाणी दगडांच्या फटींतून पाझरतं, जास्त झालं तर सांडव्यावरून जातं. माती थांबते, पाणी थांबत नाही. ज्याला हे कळलं त्याला ताल कळली. माती अडवायची असेल तर पाण्याला वाट द्यावी लागते, आणि पाण्याची वाट बुजवली की ते भिंतच घेऊन जातं.

आता माझा खरा प्रश्न. तालीमागे जी माती साठते ती येते कुठून? वरून. म्हणजे वरच्या शेजाऱ्याच्या रानातून! आणि ताल फुटली तर माती जाते कुठे? खालच्याच्या रानात. म्हणजे ताल घालणारा एकटा असतो, पण तिच्यात हिशेब किमान तिघांचा असतो. बांधावरून भांडणं का होतात हे गावात कुणाला समजवायला नको. पण सरकार नावाचा चौथा गडी या हिशेबात कधी आणि कसा आला, तो इतिहास आपण फारसा सांगत नाही.

१८१८ नंतर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात सारा ठरवायला घेतला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची पहिली मोजणी फसली. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली आणि ती पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आजही आपण ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो तो त्यांचा. या पद्धतीत जमिनीची प्रतवारी कशी करायचे? मातीचा पोत बघायचे आणि खोली मोजायचे. हातात. चांगली काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, म्हणजे पहिली प्रत. एक हात असेल तर दहा आणे. अर्धा हात असेल तर सहा आणे. पाव हात, साडेचार आणे. अशा एकूण नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची.

आणि मग दोष. चुनखडी आहे का, वाळू आहे का, पाणी वरून वाहतं का, पाणथळ आहे का. या दोषांच्या यादीत एक दोष असा: जमीन उताराची असणे. दोष लागला की प्रत खाली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. आपल्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या ज्या उताराशी झुंज घेतली त्याची सरकारी कागदावर पहिल्यांदा नोंद झाली ती ‘दोष’ म्हणून, आणि खोलीची नोंद झाली ती पैसा म्हणून. चार-साडेचार इंच माती म्हणजे एक प्रत.

आता शेतकऱ्याच्या जागी बसून विचार करा. मी ताल घातली. वीस वर्षांत माझी अर्ध्या हाताची माती एक हात झाली. तीस वर्षांनी फेरमोजणीला अधिकारी आला. माझी सहा आण्यांची जमीन तो दहा आण्यांची लिहिणार का? कायदा म्हणाला, नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने आणि कष्टाने केलेल्या सुधारणेवर सारा वाढवायचा नाही, हे तत्त्व १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातही आहे. तत्त्व चांगलंच होतं. पण विहीर दाखवता येते, तिला कठडा असतो. तालीमागची माती दाखवणार कशी? ती तर जमिनीसारखीच दिसते. ती माझ्या घामाची का देवाची, हे सांगणारा साक्षीदार कोण?

आणि त्याहून मोठी अडचण दुसरी. तीस वर्षांनी जमीन माझ्याकडे असेल कशावरून?

इथून जवळचंच कर्डे गाव. डिसेंबर १८७४. तिथल्या एका सावकाराने देशमुखांविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. गाव चिडलं. सावकारांवर बहिष्कार पडला, त्यांच्याकडे मजुरीला कुणी जाईना, न्हावी जाईना, पाणी भरणारा जाईना. हीच ठिणगी पुढे पसरली आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. दख्खनचे दंगे म्हणून पुस्तकात जे शिकवतात त्याची सुरुवात आपल्या शिरूर तालुक्यातली आहे. सरकारने आयोग नेमला, १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला. या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी लांबवत नाही. मला त्यातून एवढंच हवंय: ज्याची जमीन गहाण आहे तो दहा-पंधरा वर्षांनी फळणारी भिंत का बांधेल? सावकारासाठी माती साठवायला? त्यामुळे त्या काळात ताली ढासळल्या असतील तर ते शेतकऱ्याच्या आळसामुळे, हे म्हणणाऱ्यांनी आधी गहाणखतं बघावीत.

हे बरोबर ओळखलं ते जोतीराव फुल्यांनी. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. आपण तो ग्रंथ भटशाही-नोकरशाहीवरची टीका म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण त्याच्या शेवटच्या भागात उपाय आहेत, आणि ते अगदी कामाच्या माणसाने सुचवलेले आहेत. जोतीराव स्वतः ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. दगड, माती, मजूर यांचा भाव त्यांना ठाऊक होता. त्यांची सूचना अशी की सरकारकडे फौजेतली आणि पोलिसांतली जी माणसं रिकामी असतात त्यांच्याकडून डोंगरउतारांवर ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी रानात मुरेल आणि शेताचा कस वाहून जाणार नाही. नीट बघा काय म्हणताहेत ते. ताल हे एकट्या कुणब्याच्या ऐपतीबाहेरचं काम आहे, ते सरकारने करावं. आणि त्याच ग्रंथात, दर तीस वर्षांच्या पाहणीत सारा कसा चढतो यावरही ते तुटून पडतात. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की त्यांचा रोख कळतो. माती शेतकऱ्याची असेल तर तिला धरून ठेवणारी भिंत सरकारी खर्चाने का नको? शेवटी साराही त्याच मातीतून येतोय ना?

गंमत अशी की त्याच १८८३ साली सरकारने जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला. पुरापासून, धुपीपासून जमीन वाचवण्याची कामं त्यात ‘सुधारणा’ म्हणून धरली गेली. म्हणजे फुले म्हणाले, तुम्ही बांधा. सरकार म्हणालं, आम्ही तगाई देतो, तुम्ही बांधा. तगाई परत करायची असते. आधीच बुडालेला माणूस अजून एका कर्जाकडे कसा बघेल, हे सांगायला नको.

पुढची कडीही आपल्या तालुक्यातली आहे. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख. त्यांनी आधी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला, १९१७ ला छापला. मग ना. वि. कानिटकर यांच्याबरोबर शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा, तो १९२१ ला. एका कोरडवाहू गावाचं कुटुंब-कुटुंब मोजून केलेलं वर्णन. त्यातले कानिटकर पुढे मांजरीला आणि नंतर सोलापूरच्या केंद्रावर कोरडवाहू शेतीच्या संशोधनात गेले. ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून जी ओळखली जाते ती या मंडळींच्या कामातून आली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी. यातली बांधबंदिस्ती म्हणजे समपातळीतले मातीचे बांध, कंटूर बंडिंग. १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि हे बांध गावंच्या गावं घेऊन घालायची सोय झाली.

ताल आणि कंटूर बांध यांत फरक काय? ताल शेतकरी आपल्या वावरात, पाणी कुठून येतं ते चार पावसाळे बघून घालतो. कंटूर बांध लेव्हल लावून घातला जातो. तो कुणाच्या हद्दीकडे बघत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, पाणी कुठे सातबारा वाचतं? पण ज्याचं तीन एकराचं रान बांधाने तिरकं कापलं, ज्याची औताची तास मोडली, तो काय करणार? हळूहळू नांगराने बांध खाणार. आणि खाल्लेही. शिवाय भारी काळ्या रानात मातीच्या बांधामागे पाणी तुंबतं, पीक पिवळं पडतं, मग शेतकरी स्वतःच रात्री जाऊन बांध फोडतो. ज्यांनी योजना आखल्या ते म्हणाले, लोकांना कळत नाही. माझं मत वेगळं आहे. लोकांना सांडवा कळत होता, योजनेत तो त्यांना न विचारता ठेवला होता.

मग १९७२. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. इथल्या कितीतरी घरांत त्या वर्षी कामावर गेलेल्या आई, आजी, चुलत्या आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. खडी फोडली, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, बंडिंग झालं. फुल्यांची सूचना नव्वद वर्षांनी अमलात आली म्हणा, फरक इतकाच की फौजेऐवजी खुद्द दुष्काळग्रस्तांनी, सुकडी खाऊन, टिकाव-घमेलं घेऊन ती अमलात आणली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. पण हजेरीपटावर माती टाकल्याची नोंद होते, पुढच्या वर्षी घळ पडली तर ती कोण बुजवणार याची होत नाही. सरकारी बांध हा गावात ‘सरकारचा’ असतो, आणि सरकार पावसाळ्यात रानात येत नाही.

याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला वाटतं पुरंदरात मिळालं. विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार, इंजिनिअर. दुष्काळ बघून ते नायगावला आले आणि १९७४ च्या सुमारास देवस्थानची चाळीस एकर ओसाड, उताराची जमीन कराराने घेतली. वर बांध, खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर, आणि पाणी उचलून परत वर. तांत्रिक भाग इतकाच, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. उतारावर अडवलेलं पाणी खाली साठतं, मग ते खालच्याचंच का? वरच्याच्या रानावर पडलं ना ते? आणि ज्याला रानच नाही त्याचं काय? साळुंखे यांनी ठरवलं की पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, माणसांच्या मापाने द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. हीच पाणी पंचायत. आपण तिला पाणीवाटपाची योजना म्हणतो. मला ती तालीच्या जुन्या भांडणावरचा निवाडा वाटते: वरच्याचा वाटा कागदावर आला.

न्हावऱ्यात आज हे सांगताना मला ऊस नाही म्हणायला जरा जड जातं, घोडगंगा कारखाना इथेच आहे! चिंचणीचं घोड धरण, चासकमानचा कालवा, यांनी या भागाचं गणित बदललं. पाटपाणी आलं की जमीन सपाट करावी लागते, नाहीतर पाणी सरीत फिरत नाही. मग ट्रॅक्टर, पुढे जेसीबी. जुन्या ताली काही ठिकाणी या सपाटीकरणात गेल्या, त्यांचे दगड घराच्या पायात गेले. ज्याच्याकडे कालवा आहे त्याचं त्यावाचून अडत नाही. कालव्याच्या वरच्या अंगाला ज्यांची रानं आहेत त्यांचं अडतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठी मी तुम्हाला घोड नदीच्या उलट्या दिशेने, उगमाकडे नेतो. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला आदिवासी बांधवांची गावं आहेत. तिथे आपल्या तालीची बहीण आहे, तिचं नाव पडकई. डोंगरउतारावर दगडाचे बांध घालून भाताची खाचरं तयार करायची, आणि एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबायचं. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने ही पद्धत त्या भागात जोपासली. सरकारनेही पडकईसाठी योजना काढली.

३० जुलै २०१४ च्या पहाटे त्याच भागातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आरोप झाला की पडकईच्या नावाखाली वरच्या उतारावर यंत्रांनी सपाटीकरण झालं आणि डोंगर सैल झाला. दुसरीकडून सांगितलं गेलं की मुख्य कारण पाऊसच. यावर तज्ज्ञांत मतभेद राहिले, मी निकाल देणार नाही. पण एक गोष्ट निकालाशिवायही सांगता येते. हाताने केलेली पडकई आणि यंत्राने केलेली पडकई यांना एकच नाव असलं तरी त्या एक नाहीत. हाताने एका हंगामात चार-दोन खाचरं होतात, त्यांवर एक पावसाळा जातो, कुठे पाणी फुटतं ते दिसतं, मग पुढचं. यंत्र आठवड्यात अख्खा उतार कापतं आणि पहिला पावसाळाच परीक्षा घेतो.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेतो आणि थांबतो. प्रश्न असा: ‘आमचा बंगल्याचा प्लॉट उतारावर आहे, मागे बाग करायची आहे. ठेकेदार एकच सहा फुटांची काँक्रीटची भिंत सुचवतोय. बरोबर आहे का?’

मी इतिहासाचा माणूस आहे, भिंत इंजिनिअरला दाखवूनच बांधा. पण ठेकेदाराला विचारायचे प्रश्न सांगतो. भिंतीवर मागून येणारा दाब उंचीबरोबर सरळ वाढत नाही. उंची दुप्पट झाली की एकूण रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. म्हणून सहा फुटांच्या एका भिंतीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन भिंती, मध्ये चांगलं अंतर ठेवून, घेता येतील का ते बघा. दोन पायऱ्यांची बाग होईल, आणि दोन्ही भिंतींवरचा रेटा मिळून एका उंच भिंतीच्या निम्माच. मागे काळी माती थेट भिंतीला लावू नका. ती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खडी-मुरुमाचा पट्टा भरा, खालून पाणी निघायला भोकं ठेवा, ती भोकं प्लॅस्टर करताना बुजवलेली नाहीत ना हे स्वतः बघा. आणि भोकांतून निघालेलं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या पायात जाणार असेल, तर बांधकामाच्या आधी त्याच्याकडे चहाला जाऊन या.